ओसरीवरचं खरेदी केंद्र

सावंगीच्या दवाखान्यात तरुण डॉक्टरांनी महादेवरावांना विचारलं, "आज वार कोणता आहे, बाबाजी?"

"तुमच्या मागं भिंतीवर कॅलेंडर आहे नं," महादेवराव म्हणाले. "त्याले विचारा."

"बरं, सध्या साल कोणतं सुरू आहे?"

याचं उत्तर द्यायला महादेवरावांना सवड नव्हती. त्यांचं लक्ष टेबलावरच्या ट्रेकडे गेलं होतं. ट्रेमध्ये कापसाचा गुंडाळा होता. त्यांनी चिमूटभर कापूस तोडला, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हलकेच ओढला, पुन्हा जुळवला, पुन्हा ओढला. शेवटी उरलेले चार तंतू सुनेच्या निळ्या पर्सवर आडवे मांडून डोळे बारीक करून पाहिले.

"आखूड आहे," ते नर्सबाईंकडे वळून म्हणाले. "असा माल आणता अन् वरून पहिली प्रत मागता. न्या परत."

नर्सबाई हसली, डॉक्टरही हसले. हसला नाही तो फक्त प्रफुल, त्यांचा मुलगा. प्रफुल देवळीच्या एका शाळेत गणित शिकवायचा. समोर सोपा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर चुकतंय, ही गोष्ट त्याला परक्याच्या पोराच्या बाबतीतही सहन व्हायची नाही. इथं तर बाप होता. शेजारी बसलेली त्याची बायको वर्षाली मात्र पर्सवरचे ते चार तंतू बघत राहिली. साल हरवलं होतं, पण धाग्याची लांबी जिथल्या तिथं होती.

डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. आठवणी अशाच हळूहळू जाणार. पण हातांना जे येतं ते इतक्या लवकर जात नाही. ज्यात जीव रमतो ते करू द्या. वाद घालू नका. आणि एकटं बाहेर सोडू नका.

पुलगावला परतताना बसमध्ये दोघांनी आपापल्या सोयीचं तेवढं डोक्यात ठेवलं. प्रफुलने शेवटचं वाक्य घेतलं, वर्षालीने मधली तीन.

महादेवराव मूळचे नाचणगावच्या शेतकरी घरातले. एकवीस वर्षं त्यांनी सरकारी खरेदी केंद्रावर कापसाची प्रत ठरवण्याचं काम केलं. दिवाळीनंतर यार्डाबाहेर बैलगाड्यांची रांग लागायची, ती पार रेल्वे फाटकापर्यंत. आपली गाडी पुढं आली की मोठमोठे मिशीवाले शेतकरीही महादेवरावांच्या अंगठ्याकडे बघत श्वास रोखून उभे राहायचे. महादेवराव गाडीत कोपरापर्यंत हात खुपसायचे, तळातला कापूस वर काढायचे, धागा ओढायचे, आणि मग एक सरकी दाताखाली धरून फोडायचे. कट्‌ असा कोरडा आवाज आला तर माल वाळलेला. आवाज आला नाही तर कोणीतरी वजन वाढावं म्हणून पाणी मारलेलं. मग त्या गाडीवाल्याची खैर नसायची. या सवयीमुळे यार्डात त्यांना मागून सगळे 'सरकीखाऊ' म्हणायचे आणि पुढून 'साहेब'. दोन्ही नावं त्यांना माहीत होती.

त्यांचा एक नेम फार कडक होता. केंद्रावर असताना शेतकऱ्याच्या हातचा चहा घ्यायचा नाही. "चहा पेला की कापसाचा रंग बदलते," असं ते म्हणायचे.

त्र्याण्णव साली ते निवृत्त झाले. नव्व्याण्णवला बायको गेली, आणि त्यानंतर वर्षा-दीड वर्षात विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग जेवण झालं की नाही ते, मग शेजाऱ्यांची नावं. दोन हजार चारचा पावसाळा आला तेव्हा एक नवीनच खूळ निघालं. सकाळचे दहा वाजले की महादेवराव छत्री घ्यायचे, कापडी पिशवी खांद्याला लावायचे आणि यार्डाकडे निघायचे. गाड्या खोळंबल्या होत्या ना! पावसाळ्यात यार्डात गाडी कुठली? चार बकऱ्या तेवढ्या असायच्या. एकदा ते रेल्वे फाटकापाशी सापडले. दुसऱ्यांदा एका ट्रकवाल्या सरदारजीने त्यांना घरी आणून सोडलं. वाटेत त्याच्या सीटची गादी उसवून त्यांनी आतला माल तिसऱ्या प्रतीचा ठरवला होता, आणि तरीही तो सरदारजी हसत होता. तिसऱ्यांदा मात्र ते हमरस्त्याच्या मधोमध उभे होते आणि दोन्हीकडच्या गाड्यांना रांगेत लागायला सांगत होते.

त्या संध्याकाळी प्रफुलचा चेहरा पांढरा पडला होता. "बस झालं," तो म्हणाला. "ओसरीले लोखंडी जाळी लावतो अन् कुलूप ठोकतो. वेल्डिंगवाल्याशी बोललो मी."

"कोंडून ठेवता का त्यांले?" वर्षालीने विचारलं.

"मग काय ट्रकखाली जाऊ देऊ?"

प्रफुल दुष्टपणाने बोलत नव्हता, घाबरून बोलत होता, हे तिला कळत होतं. पण ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या आत घ्यायच्या की नाही ते ठरवलं, तो जाळीला धरून दिवसभर रस्त्याकडे बघत उभा आहे, हे चित्र तिला बघवत नव्हतं.

"एक महिना द्या मले," ती म्हणाली. "अधिक महिना लागून राह्यला उद्यापासून. या महिन्यात मामाजी एकदा जरी एकटे बाहेर गेले, तर कुलूप मी स्वतः आणीन."

"अन् तू काय करशीन? पाय धरून बसशीन?"

"ते माझं मी पाहीन."

खरं तर तिला तेव्हा काहीच सुचलेलं नव्हतं. सुचलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी, अनुसयाबाई कुंपणावरून ओरडल्या तेव्हा.

अनुसयाबाई शेजारच्या. सत्तरीच्या, अंगाने बारीक आणि आवाजाने दणकट. गल्लीतल्या बाया कधी काय करतील हे त्याच ठरवायच्या. अधिक श्रावण म्हणून यंदा त्यांनी लक्षवातीचा नेम धरला होता. एक लाख वाती वळायच्या, तुपात भिजवायच्या आणि महिनाअखेरीला देवापुढे लावायच्या. वातीला कापूस हाताने सरकी काढलेला लागतो, म्हणून बायांनी माहेरून, खेड्यांवरून गाठोडी मागवली होती.

"वर्षाली, तुह्या ओसरीवर बसू का आम्ही? माह्या घरी गळून राह्यलं!"

"बसा नं, काकू," वर्षाली म्हणाली, आणि मग तिच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. "फक्त एक अट आहे."

दहा वाजता महादेवराव छत्री घेऊन बाहेर आले, तो ओसरीवर खुर्ची मांडलेली, पुढं टेबल, टेबलावर काळं फडकं, आणि पायरीपासून अंगणाच्या फाटकापर्यंत बायांची रांग. प्रत्येकीच्या काखेत कापसाचं गाठोडं.

"साहेब, यार्डात पाणी साचलं," वर्षाली पदर सावरून म्हणाली. "केंद्र इथं हलवलं आहे."

महादेवरावांनी रांगेवरून नजर फिरवली. "वरून ऑर्डर आली का?"

"आली."

"तोंडी का लेखी?"

"लेखी."

"दाखवा."

वर्षालीची पंचाईत झाली. ती आत पळाली आणि हाताला लागेल तो कागद घेऊन आली. ते प्रफुलच्या शाळेचं, पोरांना जंताच्या गोळ्या देण्याबद्दलचं परिपत्रक होतं. महादेवरावांनी चष्मा लावला, कागद वरपासून खालपर्यंत पाहिला आणि खालच्या जांभळ्या शिक्क्यावर बोट ठेवलं.

"शिक्का आहे. ठीक," ते म्हणाले, छत्री मिटवून कोपऱ्यात ठेवली आणि खुर्चीत बसले. "पहिली गाडी घ्या."

अनुसयाबाई सवयीने सगळ्यांना ढकलून पुढं आल्या.

"लाइनीत लागा, बाई."

"अजी, मी तुमची शेजारीण! चाळीस वर्सं झाले!"

"म्हणून तर म्हणतो, लाइनीत लागा. वशिला नाई चालत इथं."

ज्या बाईने उभ्या गल्लीला रांगेत उभं केलं होतं, ती निमूट कांताच्या मागं जाऊन उभी राहिली. कांता चौथ्या घरातली, जिभेची चटपटीत. तिला हसू आवरेना, म्हणून तिने गाठोड्यात तोंड खुपसलं.

महादेवरावांनी कांताच्या कापसात हात घातला, धागा ओढला, काळ्या फडक्यावर ठेवला. मग सरकी दाताखाली धरली. आता दात कवळीचे होते, त्यामुळे बाया एकदम पुढं वाकल्या. पण कट्‌ झालं, आणि कवळी शाबूत राहिली.

"वाळलेला आहे. पण फरदड आहे," महादेवरावांनी निकाल दिला. फरदड म्हणजे शेवटच्या वेचणीचा, जीव गेलेला कापूस. "झाड म्हातारं झाल्यावर उचललेला. तिसरी प्रत."

"बाप्पा! माह्या मायच्या वावरातला आहे, साहेब!"

"मायले सांगजो, लवकर वेचत जाय म्हणा."

त्या दिवशी महादेवराव फाटकाकडे वळूनसुद्धा पाहत नव्हते.

तपासणी झाली की बाया गोलाकार बसून सरकी काढायच्या आणि वाती वळायच्या. महादेवराव त्यांच्यातून फिरायचे. कोणी सरकीवरचा कापूस ओरबाडला की लगेच म्हणायचे, "तोडू नको, पोरी. असं उलगड. धागा तुटला तर मग काय राह्यलं त्यात?" ते स्वतः खाली बसून दाखवायचे. त्यांच्या हातून सरकी अशी अलगद सुटायची की बाया हातातलं काम ठेवून बघत राहायच्या. आपली पाठ केलेली आरती अर्ध्यात विसरणारी भागीरथा एकदा म्हणाली, "बाई, याहिले सगळं आठोते. आपणच भुलक्कड आहो." गल्लीत एक गोष्ट मात्र पहिल्यांदाच घडली. वर्षालीची वात, जी आजवर सुरवंटासारखी व्हायची, ती सासऱ्यांच्या हाताखाली चार दिवसांत सरळ झाली.

अडचणी निघाल्या नाहीत असं नाही. पहिलीच अडचण चहाची. अकरा वाजता वर्षाली कप घेऊन आली, तर महादेवरावांनी कप पाहिला, तिच्या काखेतलं गाठोडं पाहिलं आणि तोंड फिरवलं. "बाई, गैरसमज करून घेऊ नका. मी शेतकऱ्याचा चहा घेत नाई." दोन दिवस साहेब चहाविना राहिले, चिडचिडे झाले आणि सगळ्यांच्या कापसाला तिसरी प्रत मिळाली. तिसऱ्या दिवशी वर्षालीने कप कांताच्या हाती दिला आणि कांता खांद्यावर फडकं टाकून ओरडत आली, "कँटीनचा चहा! कँटीनचा चहा!" साहेबांनी दोन कप घेतले.

दाढीचंही तसंच. महादेवरावांची दाढी करायला प्रफुल पंधरा मिनिटं झटापट करायचा. वर्षालीने नुसतं म्हटलं, "आज जिल्ह्याचे साहेब येणार आहेत म्हणते," की महादेवराव स्वतःहून गालाला साबण लावून बसायचे. जिल्ह्याचे साहेब आठवड्यातून तीनदा येऊ लागले, आणि दर वेळी त्यांची जीप वाटेत बिघडायची.

प्रफुलला हे पसंत नव्हतं. एका संध्याकाळी तो मोजे काढता काढता म्हणाला, "तुम्ही सगळ्या मिळून त्यांची टिंगल करता."

वर्षालीला ते लागलं. "आम्ही हासतो, हे खरं. पण तुमचे बाबाही हासतात. तुम्ही पाह्यलं का कधी?"

"खोटं आहे हे सगळं. केंद्र नाई, ऑर्डर नाई."

"अन् तुम्ही वर्गात एका टाकीत दोन नळ सोडता, एक भरणारा अन् एक रिकामा करणारा. ती टाकी कोणाच्या घरी आहे, मास्तर?"

प्रफुलने मोजा खाली टाकला. पण वेल्डिंगवाल्याला नाही म्हणून सांगितलं नाही.

बावीस दिवस असे गेले. वातींचे डबे भरत आले. आणि मग तेविसाव्या दिवशी, शनिवारी, अनुसयाबाईंना दुर्बुद्धी सुचली.

झालं होतं असं, की बावीस दिवसांत अनुसयाबाईंच्या कापसाला एकदाही पहिली प्रत मिळाली नव्हती. फरदड आणणाऱ्या कांताच्या दुसऱ्या गाठोड्यालाही ती मिळाली होती. अनुसयाबाईंच्या मनाने घेतलं की म्हाताऱ्याला खरं तर काहीच कळत नाही, तोंडाला येईल ते ठोकून देतो. याची परीक्षा घ्यायची म्हणून त्यांनी रात्रीच्या रात्री कापसावर पाण्याचा हबका मारला. त्यांचे सासरे गाडी भरताना मारायचे, अगदी तस्सा. वरून कोरडा थर पसरला आणि सकाळी साळसूदपणे रांगेत उभ्या राहिल्या.

महादेवरावांनी गाठोड्यात हात घातला. कोपरापर्यंत गेला, आणि तिथंच थांबला. त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी तळातली एक सरकी काढली आणि दाताखाली धरली. आवाज आला नाही.

"पाणी मारलं," ते हळू म्हणाले.

"अजी, गंमत केली मी..."

"गंमत?" महादेवराव उठून उभे राहिले. "लोकं थंडीत दोन-दोन रात्री गाडीखाली झोपतात लाइनीत. कोरडा माल घेऊन. अन् तुम्ही पाणी मारता? केंद्र बंद! वरच्या साहेबाले सांगून येतो मी."

कोणी काही समजायच्या आत त्यांनी छत्री उचलली, पायऱ्या उतरले आणि फाटकातून बाहेर पडले. बावीस दिवस ज्या क्षणाला वर्षाली थोपवून धरत होती, तो असा चालत चालत गल्लीत गेला.

"मामाजी, थांबा नं!"

मामाजी थांबले नाहीत. हात धरून ओढलं तर ते हिसडा देतील आणि पडतील, हे तिला माहीत होतं. मग तिला प्रफुलपुढे घातलेली आपलीच अट आठवली: 'एकटे' बाहेर जायचे नाहीत. तिने मागं वळून बायांना हाक मारली, "काय पाहून राह्यल्या? चला सगळ्याजणी!"

प्रफुल शनिवारची सकाळची शाळा आटपून स्कूटरवरून गल्लीच्या तोंडाशी आला, तेव्हा समोरून मिरवणूक येत होती. सर्वांत पुढं बंद छत्री रोखून बाबा. मागं वर्षाली, कांता, भागीरथा आणि आणखी तिघीजणी, सगळ्यांच्या केसांत कापूस. सर्वांत शेवटी ओलं गाठोडं छातीशी धरून धापा टाकत अनुसयाबाई, "चुकलं, साहेब, चुकलं" करत.

"हे काय आहे?" प्रफुलने विचारलं.

"एकटे नाई गेले," वर्षाली दम लागलेल्या आवाजात म्हणाली. "मोजा. आम्ही सातजणी आहो सोबत."

प्रफुलने स्कूटर लावली. तो वडिलांसमोर जाऊन उभा राहिला. "बाबा, घरी चला."

महादेवरावांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, हातात फाईल.

"आपण कोण?" त्यांनी विचारलं.

आजवर ते नावं विसरले होते, वार विसरले होते. पण प्रफुलला त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं. कांताने तोंडावर पदर घेतला. प्रफुल आता 'मी तुमचा मुलगा' म्हणेल, बाबा 'नाई' म्हणतील, आणि मग जाळी, कुलूप, सगळं आजच होईल, असं वर्षालीला वाटलं.

प्रफुलने फाईल दुसऱ्या हातात घेतली.

"मी... जिल्ह्यावरून आलो," तो म्हणाला. "तपासणीले. जीप बिघडली म्हणून उशीर झाला."

महादेवराव ताठ उभे राहिले. त्यांनी छत्री काखेत मारली आणि सगळी तक्रार सांगितली. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. प्रफुलने ती मान खाली घालून ऐकली, मग अनुसयाबाईंच्या गाठोड्यात हात घातला. अनुसयाबाईंनी डोळे घट्ट मिटून घेतले.

"ओला आहे," प्रफुल म्हणाला. "तुम्ही बरोबर पकडलं. आता काय कारवाई करायची, साहेब?"

महादेवरावांनी अनुसयाबाईंच्या मिटलेल्या डोळ्यांकडे पाहिलं. राग ओसरत चालला होता. "वाळवून आणा म्हणा," ते शेवटी म्हणाले. "पहिलीच वेळ आहे. बाईमाणूस आहे, ऊन गेलं नाई अजून. फटकन वाळते." मग ते पुढं झुकले आणि प्रफुलच्या कानाशी म्हणाले, "चला, केंद्रावर चला. कँटीनचा चहा चांगला राह्यते. शेतकऱ्याचा घेऊ नका मात्र."

प्रफुल वडिलांच्या बरोबरीने चालत घरी आला. स्कूटर कांताने ढकलत आणली. दुपारी ओसरीवर दोन्ही साहेबांनी चहा घेतला, आणि धाकट्या साहेबाने कप खाली ठेवून बराच वेळ नाक पुसलं.

"मी रोज रोज नाई येऊ शकत तपासणीले," रात्री जेवताना तो म्हणाला. "अन् अधिक महिना संपला की बाया येणार नाईत. भीती आहेच मले. ते निसटले, तर निदान आपल्याले कळलं पाह्यजे."

वर्षालीने त्याच्या ताटात आणखी एक पोळी वाढली. यात खोटं काही नव्हतं.

रविवारी प्रफुल नाचणगावला चुलतभावाकडे जाऊन आला. येताना त्याने बैलाच्या गळ्यातली पितळी घंटा आणली आणि फाटकाच्या वरच्या दांडीला तारेने घट्ट बांधली. फाटक हललं की घंटा वाजणार, आणि स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येणार. वेल्डिंगवाला मापाला आला होता, त्याला त्याने ती तारच पिळून द्यायला लावली आणि वाटेला लावलं.

सोमवारी दहा वाजता बाया अजून यायच्या होत्या. महादेवरावांनी छत्री घेतली, पिशवी लावली, पायऱ्या उतरले आणि फाटक उघडलं. घंटा खणखणली. वर्षाली पिठाच्या हातांनी दारात धावली. आंघोळ करून निघालेला प्रफुलही बनियनवर बाहेर आला.

फाटकात महादेवराव थबकले होते. मान तिरकी करून ते ऐकत होते.

"गाडी आली वाटते," ते स्वतःशीच म्हणाले. त्यांनी फाटक लावून घेतलं, त्यामुळे घंटा आणखी एकदा वाजली. "दोन आल्या."

ते लगबगीने पायऱ्या चढले, खुर्चीत बसले आणि फडकं सरळ केलं. "कोणाची गाडी आहे? आणा समोर!"

ओसरीवर कोणी नव्हतं. वर्षालीने नवऱ्याकडे पाहिलं. प्रफुलने घड्याळाकडे पाहिलं, मग आत गेला, पलंगावरची उशी काखेत मारली आणि टेबलापासून चार पावलांवर येऊन उभा राहिला.

"पुढं येऊ का, साहेब?"

"लाइनीत थांबा," महादेवराव चष्मा पुसत म्हणाले.

त्याच्या पुढं कोणीच नव्हतं. तरीही साहेबांनी त्याला चांगलं दहा मिनिटं तिथंच उभं ठेवलं. त्या दिवशी गणिताचे मास्तर शाळेत उशिरा पोचले.